सात नंबरची विहीर

१

सात नंबरच्या विहिरीत ऐन उन्हाळ्यात दहा फूट पाणी चढल्याचं मला एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास कळलं. विहीर मी बघितली नव्हती. मला दिसली ती संगणकावरची एक रेघ.

लोहाऱ्यात बसस्थानकामागच्या गल्लीत निखतचा संगणक वर्ग आहे. 'स्प्रेडशीट : पुढचे धडे' या तिच्या तुकडीत आम्ही पाच जण. चौघं विशीतले, आणि पाचवा मी, कृष्णराज, वय एकसष्ट, एसटीचा निवृत्त वाहतूक नियंत्रक. चौतीस वर्षं माईकवर गाड्या पुकारल्या. आता घरात हाक मारायला कुणी नाही. राजेश्वरीला, म्हणजे माझ्या बायकोला, जाऊन अडीच वर्षं झाली. लेक अर्पिता पुण्यात असते. यंदा धोंड्याचा महिना आला तरी तिला नि जावयाला रजा मिळाली नाही. फोनवर म्हणाली, "बाबा, काहीतरी शिका, नाहीतर भिंतींशी बोलायला लागाल." मी तेव्हाच लागलो होतो, पण लेकीला असलं सांगायचं नसतं.

त्या दिवशी निखतनं सरावाला खरी फाईल दिली होती. आमच्याकडे एक पाणीमोजणी मंडळ आहे. आसपासच्या बारा विहिरींत किती फूट पाणी आहे ते दर पौर्णिमेला आणि अमावास्येला मोजतात. इंग्रजी तारीख शेतकरी विसरतो, अमावास्या विसरत नाही, म्हणून हा बेत. चार वर्षांचे आकडे, बारा विहिरी, बारा रेघांचा चार्ट काढायचा.

काढला. मार्चपासून सगळ्या रेघा खाली चाललेल्या. एकटी सात नंबरची रेघ सोळा मेला चार फुटांवर होती, ती एकतीस मेला चौदावर गेली. पंधरा जूनला तेरा, आणि एकोणतीस जूनला परत साडेचार.

"मॅडम," मी म्हणालो, "यंदा जूनच्या शेवटापर्यंत पाऊस नव्हता ना?"

"थेंब नव्हता, काका."

गाडी उशिरा आली तर शंभर कारणं असतात. गाडी वेळेच्या आधी आली तर मात्र कुणीतरी काहीतरी गडबड केलेली असते. इथं पाणी पावसाच्या आधी आलं होतं.

निखतनं माझ्या पडद्याकडं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. तिनं आवाज खाली आणून विचारलं, "काका, हे अजून कुणाला दाखवलं?"

दाखवायची गरजच नव्हती. मंडळाचा रणधीर दारात उभा होता आणि त्याची नजर त्याच रेघेवर होती.

२

रणधीर मंडळाचं कार्यालय बघतो. चिठ्ठ्यांवरचे आकडे फाईलमध्ये भरायचं कामही त्याचंच. पोरगा वाईट नाही, पण घाईत जन्मलेला.

"म्हणजे आकडे बनावट आहेत," तो म्हणाला. "चिठ्ठ्या कोण गोळा करतं? मुजीबभाई. वस्तीवर जायचा कंटाळा आला असंल, जीपमध्ये बसून लिहिले असतील आकडे. सोमवारी अध्यक्षांना कळवतो. त्यांना काढावं लागंल."

तो गेला. बाकीची पोरं एकमेकांकडं बघत उठून गेली. निखत माऊस हातात धरून तशीच बसून राहिली. मुजीब म्हणजे तिचे वडील.

"अब्बा बारा गावं फिरतात, काका. चार वर्षांत एक फेरी चुकली नाही. मंडळाचं काम जाईल त्याचं एवढं नाही. पण ते खोटारडे ठरले तर ह्या गावात त्यांना मान वर करता येणार नाही." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी शोधलं तर लोक म्हणतील, लेकीनं बापाला वाचवलं. तुम्ही बघाल?"

मला कुणी काही मागितल्याला बरेच दिवस झाले होते. मी हो म्हणालो. कुठून सुरुवात करायची ते मात्र मला ठाऊक नव्हतं.

३

मुजीब बसस्थानकाबाहेर जीपपाशी सापडला. निखतनं त्याला फोनवर सगळं सांगितलं होतं. आमची ओळख जुनी. माझी एसटी सुटली की उरलेली माणसं तो भरायचा, आणि मी बघून न बघितल्यासारखं करायचो.

"सात नंबर म्हंजी दगडोबांची वस्ती, साहेब. रस्त्याला लागूनच घर हाय. म्या हॉर्न वाजवतो, मावशी चिठ्ठी आनून देत्यात. चहा पाजत्यात. बस."

"मावशी? फाईलमध्ये तर मोजणारा म्हणून दगडोबांचं नाव आहे."

मुजीबनं फडकं खांद्यावर टाकलं. "दगडोबा माघात गेले की. पौर्णिमेचा आकडा त्येंनीच दिलता, त्येच्यानंतर चार दिवसांनी गेले. अमावास्येला म्या गेलो तर घरात दहावं-तेरावं चाललेलं. चिठ्ठी कशी मागनार? तसाच परत आलो. फाल्गुनापासून त्येंची बायकू, धुरपदामावशी देत्यात."

"चिठ्ठ्या ठेवल्यास?"

"कशाला? हापिसात दिल्या की माझं काम संपलं. म्या वाचत बी न्हाय." मग हळूच म्हणाला, "साहेब, त्या पोराला सांगा. म्या खोटं लिव्हीन का? लिव्हायचंच आसतं तर चौदा लिव्हलं आसतं का उन्हाळ्यात? म्या काय येडा हाय?"

हा मुद्दा मला पटला. पण खोटं बोलणारा माणूसही अगदी हेच म्हणाला असता.

तिथून मंडळाच्या कार्यालयात गेलो. रणधीर फाईल उघडूनच बसला होता.

"चिठ्ठ्या?"

"फाडून टाकतो. आकडा भरला की काय करायच्या?"

"सतरा फेब्रुवारीला सात नंबरला शून्य फूट पाणी दिसतंय. विहीर आटली होती?"

तो जरा चपापला. "नाही. चिठ्ठीच आली नव्हती. रकाना रिकामा बरा दिसत नाही, म्हणून शून्य टाकला."

"म्हणजे न मोजलेला एक आकडा तूही भरलास."

"काका, ती वेगळी गोष्ट आहे!" त्याचे कान लाल झाले. "मेलेल्या माणसाच्या नावावर पाच महिने आकडे येतायत ते बघा आधी."

नाव बदलायचं काम त्याचंच होतं हे मी बोललो नाही. पण एक गोष्ट डोक्यात ठेवली. रिकामा रकाना ज्याला खुपतो, तो मागच्या वर्षीचे आकडे उचलून यंदाच्या ओळीत चिकटवायलाही कमी करणार नाही.

आता माझ्याकडं तीन माणसं होती. आकडा देणारी धुरपदाबाई, आणणारा मुजीब, भरणारा रणधीर. पुरावा एकही नव्हता, चिठ्ठ्या फाटलेल्या. उरली होती फक्त ती फाईल.

४

शुक्रवारी दुपारी अर्पितानं पाठवलेला जुना लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडला. टेबल चार जणांचं आहे. एका कडेला मी बसतो, बाकीच्या जागेत आता फाईल मावते.

आधी फिल्टर लावून फक्त सात नंबर ठेवली. दगडोबा गेल्यानंतरचे आकडे नऊ. हे मागच्या वर्षावरून उतरवलेत का, ते बघायचं होतं. निखतनं व्हीलुकअप शिकवलं होतं : एक ओळखखूण दिली की स्प्रेडशीट तिच्यापुढचा आकडा हुडकून आणतं. मी तारीख दिली. नऊच्या नऊ वेळा उत्तर आलं, सापडत नाही.

वैतागून निखतला फोन लावला.

"काका, ओळखखूण दोन्हीकडं सारखी लागते. तुम्ही कोणती दिली?"

"तारीख."

"मग कसं सापडेल? पौर्णिमा दरवर्षी वेगळ्या तारखेला येते ना."

मी कपाळाला हात लावला. उन्हाळ्यातलं वेळापत्रक हातात घेऊन हिवाळ्यातली गाडी शोधत होतो की. तारखेच्या शेजारी एक नवा रकाना केला आणि नाव दिलं 'तिथी'. भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. त्याच खिळ्याला खाली जुनी कॅलेंडरं अजून तशीच आहेत. राजेश्वरी ती कधी टाकू द्यायची नाही, आणि ती गेल्यावर मीही टाकली नाहीत. मागच्या वर्षीच्या आणि यंदाच्या एकेका तारखेपुढं लिहीत गेलो. फाल्गुन पौर्णिमा, फाल्गुन अमावास्या, चैत्र पौर्णिमा. दोन तास गेले. मग तिथी हीच ओळखखूण देऊन परत हुडकलं.

नवातले सात आकडे मागच्या वर्षीच्या त्याच तिथीच्या आकड्यांशी जुळले. अर्ध्या फुटाचासुद्धा फरक नाही. दोन जुळले नाहीत : चौदा आणि तेरा.

त्या दोन ओळींपुढं मी काय लिहिलं होतं? अधिक ज्येष्ठ पौर्णिमा, अधिक ज्येष्ठ अमावास्या. धोंड्याचा महिना. तो मागच्या वर्षी नव्हताच, मग मागच्या वर्षीचा आकडा मिळणार कुठून?

तरी ते दोन आकडे कुठून तरी आलेच होते. सात नंबरच्या चार वर्षांच्या यादीत मी चौदा आणि लगेच तेरा अशी जोडी शोधली. एकदाच सापडली : एक ऑगस्ट आणि सोळा ऑगस्ट दोन हजार तेवीस. त्या पावसाळ्यात विहिरीत तेवढं पाणी असणारच.

पण हाच महिना का उचलला? खिळ्यावरून तेवीस सालचं कॅलेंडर काढलं, ऑगस्टचं पान उलटलं.

एक तारखेच्या चौकोनात राजेश्वरीचं अक्षर होतं. बारीक, उजवीकडं झुकलेलं. 'अर्पू-जावई जेवायला. धोंडे. पुरण जास्त टाकणे.'

त्या दिवशी ह्याच टेबलाच्या चारही बाजूंना माणसं होती. जावई चौथा धोंडा नको म्हणत होता आणि ही वाढतच होती. मी बराच वेळ ते पान धरून बसलो. रडलो, खोटं कशाला सांगू. मग डोळे पुसले आणि एकदम लख्ख कळलं. एक ऑगस्ट दोन हजार तेवीस हीही धोंड्याच्याच महिन्यातली तारीख होती.

५

शनिवारी सकाळी वर्ग भरायच्या आधी निखतला सगळं दाखवलं.

"रणधीरनं केलं असतं तर त्यानं ओळीवर ओळ चिकटवली असती," मी म्हणालो. "त्याच्या फाईलमध्ये तिथीचा रकानाच नाही. मागच्या वर्षीची ज्येष्ठ पौर्णिमा यंदाच्या धोंड्याच्या पौर्णिमेपुढं आली असती आणि चार्ट गुपचूप खाली गेला असता, कुणाला कळलंही नसतं. पण इथं मधे दोन ओळी सोडून आकडे परत आपापल्या जागी बसलेत. उतरवणाऱ्याला महिने माहीत होते, तारखा नाही."

"आणि अब्बा?" तिचा आवाज कोरडा पडला होता.

"मुजीबकडं तीन वर्षांपूर्वीचा आकडा कुठून येणार? चिठ्ठ्या त्याच दिवशी कार्यालयात जातात आणि फाटतात. जुने आकडे दोनच जागी आहेत. एक ही फाईल. दुसरं म्हणजे, ज्यानं आपल्या हातानं मोजले त्याची वही, असलीच तर."

निखतनं सुस्कारा सोडला. बापावरचं बालंट टळलं होतं. पण ती हसली नाही. "म्हणजे धुरपदाआजी," ती म्हणाली. "पण का, काका? त्यांना ह्यात काय मिळणार?"

त्याचं उत्तर कुठल्याच रकान्यात नव्हतं. मी मुजीबला जीप काढायला सांगितली. वाटेत त्याला काही बोललो नाही.

६

रस्त्याकडेला दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, पुढं लिंबाचं झाड. हॉर्न ऐकताच धुरपदाबाई पदर सावरत बाहेर आल्या. सत्तरीच्या, वाळलेल्या, चालताना गुडघ्यावर हात.

"मुजीबा, आज कसा रं? अमावास्या मंगळवारी हाय न्हवं?" मग मला बघून थांबल्या. "हे कोन?"

"एसटीतले साहेब हायेत, मावशी."

आम्ही आत बसलो. चूल पेटवता पेटवता त्या दोनदा म्हणाल्या, "बसा, जाऊ नगा लगेच." भिंतीवर दगडोबांचा फोटो, त्याखाली खिळ्याला सुतळीनं अडकवलेली लांबट वही.

"आक्का, वही बघू का?"

त्यांचा हात चुलीपाशीच थांबला. मग मान हलवली. मी वही काढली. दगडोबांचं अक्षर गोल, जाड. पानावर महिन्याचं नाव आणि खाली दोन आकडे. चैत्र. वैशाख. पानं मागं उलटत गेलो. एका पानाच्या माथ्यावर लिहिलं होतं, 'धोंडा'. खाली चौदा, तेरा.

"ह्यातनं लिहून देत होता, आक्का?"

"व्हय," त्या म्हणाल्या. जराही आढेवेढे नाहीत. "म्हैन्याचं नाव कॅलिंडरात बघायची, वहीत हुडकायची, आन् चिठ्ठीवर उतरायची. धोंडा आला तवा मागल्या साली सापडंना. मागं मागं गेले तर धोंड्याचं पान गावलं. म्हनलं, धोंडा तर धोंडा."

"तो धोंडा पावसाळ्यातला होता."

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "आगं बया. त्ये ध्यानातच न्हाय आलं."

मुजीब दारात उभा होता. त्याला आत्ता सगळं कळत होतं. "मावशी," तो म्हणाला, "माझ्यावर आलंय त्ये. म्या खोटं लिव्हलं म्हनून मला काढायला निघालेत."

धुरपदाबाई चुलीपुढनं उठल्या. "तुला? तुला रं कशापायी?" त्यांचा आवाज फाटला. "चला. आत्ताच्या आत्ता चला. सांगते त्येंला, ह्यो माझा गुन्हा हाय म्हनून."

"आक्का, बसा," मी म्हणालो. "पण विहीर का मोजली नाही, ते सांगा."

त्या बसल्या. लिंबाकडं बघत सांगायला लागल्या.

"आमी दोघं जायचो. त्ये दोर सोडायचे, तळाला दगड टेकला की वर वढायचे, आन् वल्ल्या दोराच्या गाठी म्या मोजायची. फुटाफुटाला येक गाठ. फाल्गुनाच्या पुनवंला येकलीच गेले. दोर सोडला. वर वढला. गाठी मोजायला खाली बसले, तर दोर धरनारं कोन? दोर सुटला, परत पान्यात. तितंच बसले उनं होस्तवर." मग मुजीबकडं न बघता म्हणाल्या, "घरी आले तर ह्येचा हॉर्न. सांगनार व्हते, आता मोजनं व्हत न्हाय म्हनून. पर चिठ्ठी न्हाय दिली तर ह्यो कशाला थांबंल? पंधरा दिसांत ह्येच्याबिगर माजं नाव घेऊन हाक मारनारं कुनी न्हाय, साहेब."

माझ्याही घराला हॉर्न नव्हता.

मुजीब आत आला आणि जमिनीवर बसला. "मावशी, म्या काय आकड्याला थांबत व्हतो का? चहाला थांबत व्हतो."

७

सोमवारी मंडळाच्या कार्यालयात रणधीरसमोर मी, मुजीब आणि धुरपदाबाई तिघंही बसलो. निखतनं फाईल उघडून एकेक ओळ दाखवली. बाईंनी स्वतः सांगितलं, "ह्येचा काय दोष न्हाय, म्या लिव्हलं." रणधीरनं मुजीबपुढं हात जोडले. पत्र लिहून तयार होतं, ते त्यानं आमच्या समोर फाडलं.

"पण सात नंबर यादीतून काढावी लागंल," तो म्हणाला. "मोजणार कोण?"

"मोजणारा म्हणून माझं नाव लिही," मी म्हणालो. "दोर मी धरतो. गाठी आक्का मोजतील."

बाईंनी माझ्याकडं चमकून बघितलं. रणधीरनं मान हलवली आणि नऊ आकडे निवडून पुसले. रकाने रिकामे झाले. धुरपदाबाई पुढं वाकून म्हणाल्या, "तितं शून्य लिवा की. चुकी माजीच हाय."

"शून्य नाही लिहायचं, आजी," निखत म्हणाली. "शून्य म्हणजे विहिरीत पाणी नव्हतं. तसं नाही ना? पाणी होतं. फक्त मोजायला कुणी नव्हतं."

रणधीरनं सतरा फेब्रुवारीचा शून्यही पुसला.

मंगळवारी ज्येष्ठ अमावास्या. मुजीबनं सकाळी नऊला आम्हाला विहिरीपाशी सोडलं. दोन-तीन सरी होऊन गेल्या होत्या, बांध ओले होते. मी दोर सोडला, दगड तळाला टेकल्याचं हाताला कळलं, वर ओढून घट्ट धरून ठेवला. धुरपदाबाई गुडघ्यावर हात ठेवून खाली बसल्या आणि ओल्या दोरावरनं बोटं फिरवत गेल्या. एक, दोन, तीन. पाचव्या गाठीपाशी थांबल्या, परत पहिल्यापासून मोजलं. माघातल्या पौर्णिमेनंतर त्या विहिरीचा खरा आकडा कुणाला ठाऊक नव्हता.

"पाच," त्या म्हणाल्या. "आन् वर चार बोटं. लिवा, साहेब."

वहीत लिहिलं. चहा घेतला, दुपारी घरी आलो, आकडा फाईलमध्ये भरला. चार्टमध्ये सात नंबरची रेघ माघापाशी तुटते, मधे मोकळी जागा आहे, आणि शेवटी एकच ठिपका.

मग भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. यंदाचं सगळं कोरं होतं, राजेश्वरी गेल्यापासून कुठल्याच कॅलेंडरावर कुणी काही लिहिलं नव्हतं. पेन घेतलं आणि एकोणतीस जुलैच्या चौकोनात, आषाढ पौर्णिमेखाली, माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं : 'सात नंबर. सकाळी नऊ. साखर नेणे.'